निळं दिसलं की काप

...नाही, स्टुलाचं एक वेळ मी समजू शकते हो! चार पायांचं स्टूल तीन पायांवरही उभं राहतं, कबूल. पण पळी? स्वयंपाकघरातल्या पळीनं कुणाचं काय घोडं मारलं होतं? सकाळी उठून बघते तर पळीच्या दांड्याला ओळीनं भोकं! आधी मोठं, मग लहान, मग त्याहून लहान... आणि आमचे हे ओट्याशी उभे, हातात ड्रिल मशीन, चेहऱ्यावर तपश्चर्या फळाला आल्याचा आनंद. म्हणे, "उचलून बघ, उचलून बघ, किती हलकी झाली!" अहो, मी कधी तक्रार केली होती का, की पळी जड होते म्हणून? नशीब, दांड्यालाच पाडली. खालच्या वाटीला पाडली असती तर घरातल्या एकूण एक पळ्यांचे झारे झाले असते आणि पातळ काही वाढायची सोयच उरली नसती.

तुम्हाला सांगते, हा सगळा त्या निळ्या रंगाचा ताप आहे. निळा रंग म्हणजे काय, माहीत नाही तुम्हाला? भाग्यवान आहात. बसा, सांगते.

आमचे हे मोटारीच्या कारखान्यात डिझाइन खात्यात आहेत. आता लोकांना वाटतं, गाडीचं डिझाइन म्हणजे मोठ्या कागदावर ऐटीत गाडी काढायची, लांब नाक, तिरके डोळे... लग्न ठरलं तेव्हा मलाही तेच वाटलं होतं. मैत्रिणींना सांगून मोकळी झाले होते, आमचे हे गाड्या काढतात! छे! यांच्या वाट्याला अख्खी गाडी कधी आलीच नाही. यांच्याकडे सीट. तीही अख्खी नाही, पुढच्या सीटची फक्त पाठ. तीही वरून दिसते ती नाही, कापड-बिपड, शिलाई-बिलाई ते दुसऱ्यांकडे. यांच्याकडे आतला सांगाडा! म्हणजे गाडी विकत घेणाऱ्याला जो भाग जन्मात दिसणार नाही, त्याच्यापायी आमच्याकडे कित्येक वर्षं जेवणं गार होतायत.

आणि त्या सांगाड्याचं करायचं काय? तर तो हलका करायचा. गाडी हलकी झाली की इंधन कमी लागतं, धूर कमी होतो... चांगलंच आहे, कोण नाही म्हणतंय! पूर्वी यासाठी ही मंडळी डोकं खाजवायची, आता प्रोग्रॅम आहे. ऑप्टिमायझेशन! त्या प्रोग्रॅमला सांगायचं, बाबा रे, ही सीट, हिच्यावर असे असे भार येणार. जाड माणूस रेलून बसला, मागून ट्रकनं धडक दिली, मागच्या पोरानं लाथा मारल्या... एवढ्यात मोडता कामा नये, बाकी तुला काय कापायचं ते काप. मग तो प्रोग्रॅम एकेक भार देऊन बघतो आणि सीट रंगवून दाखवतो. जिथं ताण फार तिथं लाल, जिथं बेताचा तिथं हिरवं-पिवळं, आणि जिथं काहीच नाही, नुसता फुकटचा धातू बसून राहिलाय, तिथं निळं. ते निळं कापायचं. कापलं की पुन्हा भार, पुन्हा रंग, पुन्हा निळं, पुन्हा काप... हजारो वेळा, न थकता, न चहा पिता! आणि जो भार सांगितलाच नाही, तो त्या प्रोग्रॅमच्या लेखी जगात नाहीच. हे लक्षात ठेवा हं, इथंच सगळी गोम आहे.

यांचे एक साहेब आहेत. खात्यात त्यांना ग्रॅमसाहेब म्हणतात, अर्थात पाठीमागे. किलोत ते बोलतच नाहीत. कुणी म्हणालं, "साहेब, दोन किलो वाचले," तर म्हणणार, "दोन हजार ग्रॅम म्हणा, बरं वाटतं." हे साहेब दबकत येऊन पाठीशी उभे राहतात, तुमच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बोट करतात आणि घसा खाकरून म्हणतात, "निळं दिसलं की काप!" बस्स. एवढंच. मग पुढच्या टेबलाशी. "निळं दिसलं की काप!" हे म्हणतात, साहेब फिरायला निघाले की अख्खं खातं कपाळाला आठ्या घालून बसतं, उगाच कुणी निळं दिसायला नको म्हणून!

ऑफिसात ठीक आहे हो. पण माणूस ते घरी घेऊन येतो त्याचं काय? जोड्यांच्या कपाटाचा मधला कप्पा गेला. निळा होता. पडद्याच्या दांडीचं मधलं टेकण गेलं. निळं होतं. आता पडदा मधोमध झोळीसारखा लोंबतो, पण मोडला नाही ना? मग झालं! एकदा जेवताना हे माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ, अगदी एकटक. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यानं असं बघितलं की बरं वाटतं हो, खोटं कशाला सांगू, मी पदर-बिदर सारखा केला... आणि हे म्हणाले, "जरा पुढं सरक ना, तुझ्या खुर्चीचा मागचा दांडा नीट दिसत नाहीये." तेव्हापासून मी त्या खुर्चीवर बसले की घट्ट रेलून बसते. दांडा तरी लाल राहू दे बिचारा.

तर, सीट. नव्या गाडीच्या सीटचा निकाल लागला, आणि काय सांगू, यांच्या पायाला जमीन लागेना. तो सांगाडा असा झाला होता, की त्याच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. मला फोटो दाखवला. मी म्हटलं, "अहो, ही सीट आहे की जेवून झाल्यावर ताटात उरलेला माशाचा काटा?" तर खूश! म्हणे, "अगदी बरोबर, निसर्गसुद्धा असंच ऑप्टिमाइझ करतो!" वरच्या कोपऱ्यात, डोकं टेकायच्या उशीच्या जरा बाजूला, आतून एक आडपट्टी होती. बोटभर. ती सगळ्या भारांत निळी. धडक दिली तरी निळी, लाथा मारल्या तरी निळी. कापली. ग्रॅमसाहेबांनी सगळ्यांसमोर यांची पाठ थोपटली. हे घरी येताना माझ्यासाठी फुलं घेऊन आले. देठं कापलेली होती, पण आली हे महत्त्वाचं.

आता यांच्या कारखान्यात एक पद्धत आहे. नवी गाडी बाजारात जायच्या आधी तिच्या काही चाचणीच्या गाड्या बनवतात आणि त्या खात्यातल्याच लोकांना शनिवार-रविवार घरी देतात. वापरा, फिरवा, घरच्यांना बसवा, आणि सोमवारी येऊन काय खटकलं ते सांगा. यांची पाळी आली. आणि त्याच शनिवारी बाबांना इस्पितळात दाखवायला न्यायचं होतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर शाळेत कवायतीचे सर होते. ताठ! अजूनही आरशासमोर उभे राहिले तर आधी आरसा वाकलाय का बघतात. गेल्या वर्षी पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून पाय लांब करून मागच्या सीटवर बसतात, आणि उतरताना... आता हे नीट ऐका. दार उघडायचं, पाय बाहेर सोडायचे, डावा हात सीटवर, आणि उजव्या हातानं पुढच्या सीटचा वरचा कोपरा धरायचा, घट्ट, आणि त्याला तिरकं ओढत, पीळ देत, सगळं अंग वर उचलायचं. रोजचं आहे ते. मी पलीकडून काखेत हात घालते, पण ते मान्य करायचं नसतं. मी हात घातला की म्हणतात, "सूनबाई, तुझा तोल जातोय वाटतं, धर मला." असं आहे आमच्याकडे!

इस्पितळाच्या दारात गाडी थांबली. मागं रिक्षा, टॅक्स्या, हॉर्न वाजतायत, रखवालदार ओरडतोय, "गाडी पुढं घ्या, गाडी पुढं घ्या!" बाबांनी पाय बाहेर सोडले, कोपरा धरला, ओढला... आणि कट्ट! मोडला नाही हो. वळला. सीटचा अख्खा कोपरा कान पिळल्यासारखा वळला आणि बाबा त्याच्याबरोबर खाली! एक पाय फुटपाथवर, एक गाडीत, आणि मी मध्ये, त्यांना काखेत धरून, माझा चष्मा नाकावरून घसरलाय, पर्स गळ्यात अडकलीय, आणि आमचे हे... आमचे हे काय करतायत? सीट बघतायत! बाप लटकलाय आणि लेक वाकून सीटचा कोपरा न्याहाळतोय! असा संताप आला म्हणून सांगू! मी ओरडले, "अहो, ते सोडा, आधी यांना धरा!" तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि त्यांचं तोंड बघून माझा राग कुठल्या कुठं गेला. पांढरंफटक. आरोपीसारखं. धावत आले, बाबांना उचललं. गुडघा खरचटला होता तेवढाच, खुबा शाबूत, डॉक्टरांनी फोटो काढून खात्री केली. बाबा काय म्हणाले माहितीय? "दोष माझाच रे. वजन वाढलंय माझं." वजन! आजारपणात अर्धे झालेत हो बाबा, उचलताना माझ्या हाताला हाडंच लागली!

त्या दिवसापासून यांचं जेवणावरचं मन उडालं. बोलेनात, हसेनात, ड्रिल मशीन माळ्यावर गेलं. मी म्हटलं, "अहो, झालं ते झालं, बाबा ठीक आहेत ना?" तर म्हणाले, "अगं, ही एक गाडी होती. उद्या हजारो जाणार. घराघरांत जाणार. घराघरांत कुणीतरी असंच उठणार, तोच कोपरा धरून. आणि प्रत्येक ठिकाणी तू असणार आहेस का, काखेत हात घालायला?" एक आडपट्टी, बोटभर, ती परत बसली पाहिजे, एवढंच यांचं मागणं. एवढंच! आणि तुम्हाला वाटेल, बोटभर पट्टी ती काय, बसवतील की. तुम्ही ग्रॅमसाहेबांना ओळखत नाही.

सोमवारची मीटिंग. मी तिथं नव्हते, पण यांना सवय आहे, घरी येऊन अख्खी मीटिंग सगळ्यांच्या आवाजात करून दाखवायची. तर ह्यांनी सगळं सांगितलं, वळलेला कोपरा कापून आणला होता, तो टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उचलला, आधी हातानं तोलला, सवयीनं, आणि म्हणाले, "पण प्रवाशानं सीट धरायचीच कशाला? सीट ही बसायची वस्तू आहे. धरायला दारावर छताला हँडल असतं की!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबर, बरोबर, हँडल असतं. हे म्हणाले, "म्हणूनच तर मी हा भार सांगितला नव्हता. मी धरून चाललो होतो की वर हँडल आहे." आणि मग हळूच कुणीतरी म्हणालं, "पण या गाडीला हँडल... आहे का?"

मग सगळ्यांच्या माना वळल्या छतवाल्यांकडे. छतवाले म्हणजे छताचं डिझाइन करणारे गृहस्थ, यांच्या शेजारच्याच टेबलावर बसतात. मध्ये एक पत्र्याचं पार्टिशन, तेही खांद्याएवढं. गेली कित्येक वर्षं दोघं एकाच डब्यातून जेवतात, माझ्या हातची भाजी त्यांना फार आवडते. छतवाले खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, "हँडल आम्ही मागच्याच फेरीत काढलं. निळं होतं."

हे म्हणाले, "अहो, मग माणसानं उतरताना धरायचं काय?"

तर छतवाले, अगदी निरागसपणे, "काय म्हणजे? तुमची सीट आहे की!"

ऐकलंत? यांनी सीट कापली कारण वर हँडल आहे. त्यांनी हँडल काढलं कारण खाली सीट आहे. दोघं एकमेकांच्या भरवशावर, एकमेकांना न विचारता! रोज एका डब्यातून जेवतात, भाजीत मीठ कमी आहे का यावर अर्धा तास बोलतात, पण "काय हो, तुमचं हँडल आहे ना जागेवर?" एवढं पार्टिशनवरून विचारायला काय जीभ झिजली असती? मी यांना म्हटलं, "तुमच्या त्या प्रोग्रॅमला शेजारी नसतो का हो?" तर म्हणाले, "नसतो. त्याला आपला आपला भागच दिसतो." घ्या! माणसांचं काय वेगळं आहे म्हणा.

मला वाटलं, चला, आता तरी डोळे उघडतील. उघडले, पण भलतीकडेच! ग्रॅमसाहेब म्हणाले, "तुमची तळमळ पोचली. पण तळमळ प्रोग्रॅममध्ये घालता येत नाही. भार किती, दिशा कुठली? आकडा आणा. आकडा आला तर पट्टी परत, माझा शब्द. आकडा नसेल तर ती निळी आहे, आणि निळं दिसलं की..." पुढचं सगळ्यांनी एका सुरात म्हटलं म्हणे, शाळेतल्या पाढ्यासारखं.

आणि आकडा कुणाचा आणायचा? कुणाही धडधाकट माणसाला बसवून चालणार नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेला, वयस्कर, रोज असाच उतरणारा माणूस पाहिजे. म्हणजे बाबा!

हे गेले बाबांच्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसले. मी दारात उभी. हे म्हणाले, "बाबा, माझ्या कारखान्यात एक चाचणी आहे. तुम्ही आलात तर बरं होईल. फक्त गाडीतून उतरायचं." बाबा म्हणाले, "साहेब असणार?" हे म्हणाले, "असणार." बाबा म्हणाले, "तुझं काही अडलंय का?" आणि यांनी, भाबडेपणानं हो, म्हटलं, "सगळं तुमच्यावर अवलंबून आहे, बाबा."

झालं! पेटले बाबा! न्हाव्याला घरी बोलावलं. बूट काढले, पॉलिश केले, मग मी जास्त नीट करीन म्हणून माझ्याकडून पुन्हा करून घेतले, मग मला जमलं नाही म्हणून पुन्हा स्वतः केले. आणि रोज सकाळी त्यांच्या खोलीतून आवाज. धप्प... धप्प... मी दार लोटून बघते तर बाबा हात छातीशी बांधून खुर्चीतून उठतायत आणि बसतायत! डॉक्टरांनी जे सक्त मना केलंय तेच! मी म्हटलं, "बाबा, अहो, हे काय चालवलंय?" म्हणाले, "सूनबाई, दार लाव." मी यांना सांगितलं, अहो, लक्ष द्या, काहीतरी भलतंच चाललंय. तर हे म्हणाले, "असू दे गं, किती दिवसांनी हुरूप आलाय त्यांना." पुरुषांना कसं हो कळत नाही? लाल कुठं आणि निळं कुठं हे धातूत कळतं, माणसात कळत नाही!

चाचणीचा दिवस. बाबांना घेऊन मीही गेले, कारण गाडीतून उतरवणार कोण? मोठी शेडसारखी खोली, मधोमध अर्धी कापलेली गाडी, तिला पुढचं तोंडच नाही, नुसता मधला भाग, आणि त्यातल्या सीटच्या कोपऱ्याला वायरी चिकटवलेल्या. बाजूला टेबलावर स्क्रीन, तिथं एक तंत्रज्ञ बाई बसलेल्या. ग्रॅमसाहेब हाताची घडी घालून उभे, शेजारी छतवाले. बाबा पांढऱ्या इस्त्रीच्या सदऱ्यात. साहेबांशी हात मिळवला, असा दाबला, की साहेबांनी नंतर हळूच बोटं झटकली. मग यांनी आणि मी बाबांना मागच्या सीटवर बसवलं. हे वाकून म्हणाले, "बाबा, घरी उतरता ना, अगदी तसंच उतरायचं."

"तसंच उतरतो," बाबा म्हणाले.

आणि बाबा उठले! असे उठले, असे उठले... डावा हात मांडीवर, उजव्या हाताची दोन बोटं सीटच्या कोपऱ्याला नुसती लावलेली, नमस्काराला पायांना लावावी तशी, आणि सर्रकन वर! ताठ! हनुवटी वर, छाती पुढं! तंत्रज्ञ बाईंनी स्क्रीनवर बघून वाचलं, "चार किलो."

चार किलो! तुम्हाला सांगते, चार किलोची तर माझी भाजीची पिशवी असते! मला रोज माझ्या खांद्यावर त्यांचा भार कळतो ना, माझा खांदा काय खोटं बोलतो? पण मी बाजूनं बघत होते, म्हणून मला दिसलं. मांडीवरची मूठ अशी दाबलेली, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मानेवरून घाम निथळत होता, कॉलर भिजली होती. साहेबांना समोरून फक्त हसरा चेहरा दिसला.

हे गडबडले. "बाबा, परत एकदा. जरा... जरा भार टाका ना सीटवर. टेकून उठा."

बाबा म्हणाले, "कशाला? गरजच काय?" आणि पुन्हा बसले, आणि या वेळी बोटंसुद्धा लावली नाहीत हो. हात छातीशी! खोलीतल्या त्या धप्प-धप्पची सगळी मेहनत इथं आली! तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "शून्य." आणि ग्रॅमसाहेबांनी, तुम्हाला सांगते, टाळ्या वाजवल्या! "वा, सर, वा! या वयात! आमच्यातल्या निम्म्यांना जमणार नाही!" छतवाल्यांनीही वाजवल्या. बाबा उभे, पाय थरथरतायत, पँटच्या आत हं, कुणाला दिसू नये असे, आणि चेहरा असा फुललेला, की त्यांना शाळेतून निरोप दिला त्या दिवशीसुद्धा मी तसा बघितला नव्हता.

तुम्ही म्हणाल, तू का नाही बोललीस? अहो, मी बोलणार होते! कमरेवर हात ठेवून पुढं झाले होते, म्हणणार होते, साहेब, हे असे उठत नाहीत घरी, यांना धरून उठवावं लागतं, रोज, अंघोळीला, जेवायला, रात्री... तोंडातून "अहो" एवढं बाहेर पडलं आणि माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. बघते तर हे. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. बापाकडे बघत होते. ज्या माणसाला त्या बोटभर पट्टीपायी अन्न गोड लागत नव्हतं, त्यानंच माझं मनगट धरलं होतं! मी हळूच म्हटलं, "अहो, पट्टी..." तर नुसती मान हलवली. नको. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "ठीक आहे, सर. नोंद करा."

आणि साहेब खूश! म्हणे, "आता कसा आकडा आला! वयस्कर प्रवासी, ऑपरेशन झालेला, जास्तीत जास्त चार किलो. घाला प्रोग्रॅममध्ये." घातला. आणि तो बसला ना तिथं कायमचा, बाबांचा आकडा! आता त्यांच्या सगळ्या गाड्यांसाठी म्हाताऱ्या माणसाचा भार किती, तर चार किलो, पुरावा आहे, सही आहे. प्रोग्रॅमनं चार किलो देऊन बघितलं, कोपरा निळाच. उलट उरलेल्यातूनही थोडं निघालं म्हणे. निळं दिसलं की काप! छतवाले जाता जाता म्हणाले, "मग हँडलचा तर प्रश्नच मिटला." मिटला! आणि यांना परत शाबासकी. या वेळी फुलं आणली नाहीत यांनी.

मी मात्र त्या दिवशीचं सांगते. आम्ही तिघं बाहेर निघालो. बाबा पुढं, ताठ, ग्रॅमसाहेब काचेमागून हात हलवतायत, बाबाही हलवतायत. आणि इमारतीचा कोपरा वळलो, काच दिसेनाशी झाली, तसा बाबांचा हात आला यांच्या खांद्यावर. अख्खे बाबा आले हो! हे एका बाजूला कलले, पाय फाकवून उभे राहिले, मी पलीकडून काखेत हात घातला, आणि आम्ही तिघं तसेच, खुर्ची हलवावी तसे, पाऊल पाऊल करत गाडीपर्यंत. बाबांना धाप लागली होती. थोड्या वेळानं म्हणाले, "काय रे, झालं ना तुझं काम? पास ना?"

यांनी खांद्यावरचा बाबांचा हात घट्ट धरला. म्हणाले, "पास, बाबा. पहिले आलात."

आमची स्वतःची गाडी जुनी, खटारा, जड, पेट्रोल पाण्यासारखं पिते. मी मागचं दार उघडलं. बाबांनी वर हात केला, छताचं हँडल दोन्ही हातांनी धरलं, आणि त्याला लोंबकळत, दात-ओठ खात, हळूहळू स्वतःला आत घेतलं. टेकले. घाम पुसला. मग त्या हँडलवर हात फिरवून म्हणाले, "हे बरं असतं रे. तुमच्या नव्या गाडीला नाही दिसलं. साहेबांना सांग, लावा म्हणावं. मला काही लागत नाही, तू बघितलंसच... पण म्हातारी माणसं बसतात गाडीत."